वस्तीला राहिला

फार वर्षांपूर्वी, म्हणजे किती ते मला विचारू नका, किल्ले बांधले गेले नव्हते, फिरंगी आला नव्हता आणि आपल्या खोलवडीच्या खाडीत अरबांची तारवं खजूर घेऊन यायची न् नारळ घेऊन जायची, तेव्हाची ही गोष्ट आहे. माझ्या सासूने मला सांगितली, तिला तिच्या सासूने. हिच्यात हसण्यासारखं फार काही नाही. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच उठून जावं, मला राग यायचा नाही.

त्या काळी खोलवडीत शुऐब नावाचा मुलगा होता. त्याचा बाप गलबतावर खलाशी. शुऐब पाच वर्षांचा असताना गलबत परत आलं, बाप आला नाही. पोराने आईला विचारलं, "बाबा खंय?" आई म्हणाली, "वस्तीला राहिला."

हा शब्द नीट ऐकून ठेवा. आपले दर्यावर जाणारे लोक बुडाला, मेला असं तोंडाने कधी म्हणत नसत. दर्या ऐकतो, आणि ज्याने तो शब्द उच्चारला त्याच्याच घरचं माणूस पुढच्या फेरीला मागून घेतो, असं म्हणत. म्हणून दर्याने माणूस नेला की 'वस्तीला राहिला' म्हणायचं आणि गप्प बसायचं. मोठ्यांना बरोबर कळायचं. पण पाच वर्षांच्या पोराला काय कळणार? त्याला वाटलं, बाप कुठल्याशा गावी मुक्कामाला राहिलाय. त्याने विचारलं, "मंग येल कदी?"

"बगू," आई म्हणाली आणि तिने चुलीकडे तोंड फिरवलं.

पोर मोठं विलक्षण होतं. एकदा ऐकलं की पाठ. सातव्या वर्षी त्याचं अख्खं कुराण तोंडपाठ झालं. मशिदीच्या पायरीवर बसून तो म्हणू लागला की भरतीचं पाणी पायरीखाली येऊन थांबायचं, त्याचं म्हणणं संपेपर्यंत वर चढायचं नाही, असं म्हणतात. मी काही पाहिलेलं नाही. पण ती पायरी आजही कोरडी असते, आणि बाकीच्यांवर शेवाळ आहे, हे मी पाहिलंय.

नऊ वर्षांचा असताना एका अरब तारवाच्या तांडेलाने त्याला ऐकलं आणि आईला म्हणाला, हे पोर इथे मासळी वाळवण्यात वाया जाईल, मी याला बसऱ्याला नेतो, तिथे मोठमोठे उस्ताद आहेत. आईने एक रात्र विचार केला आणि पोराला तारवावर चढवलं. नवरा दर्याने नेलेला, आणि एकुलता एक मुलगा तिने स्वतःच्या हाताने दर्यावर सोडला. तिला काय झालं असेल ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. शुऐब मात्र खुशीत होता. वाटेत बंदरं लागतील, कुठल्या तरी बंदरात बाप भेटेल, हेच त्याच्या डोक्यात होतं.

बाप भेटला नाही. इल्म भेटलं.

एकतीस वर्षं शुऐब परदेशात विद्या शिकला. एका उस्तादाकडून नमाज-रोज्याचे कायदे, दुसऱ्याकडून वाटण्यांचे, तिसऱ्याकडून लग्न-तलाकाचे. पैगंबरांचं म्हणून सांगितलेलं एक वचन खरं की खोटं हे पडताळायला तो वाळवंटातून दोन महिने चालत गेला. जाऊन पोहोचला तर ते वचन सांगणारा म्हातारा आपल्या घोड्याला रिकामी ओंजळ दाखवून, दाणे आहेत असं भासवून, जवळ बोलावत होता. शुऐब तिथूनच मागे फिरला. जो जनावराशी खोटं वागतो त्याची साक्ष मी घेणार नाही, म्हणाला. असा त्याचा साक्षीचा काटा. असं म्हणतात की त्याचा एक हात लिहिता लिहिता दुखला की दुसरा आपोआप लिहू लागे, आणि दोन्ही हातांचं अक्षर अगदी सारखं असे.

फक्त एक सवय त्याने सोडली नाही. हिंदच्या किनाऱ्यावरून तारू आलं की बसऱ्याचा हा मोठा विद्वान धक्क्यावर जाऊन विचारायचा, "खोलवडीचा एक खलाशी कुठे वस्तीला राहिलाय, पाहिलात का?" तिथे आपली बोली कोणाला समजणार? तो अरबीत विचारायचा, कुठल्या गावी राहिलाय का, मुक्कामाला आहे का. लोक मान हलवत. आणि पाच वेळच्या नमाजीनंतर तो बापासाठी दुवा मागायचा, अल्ला त्याला मोठं आयुष्य दे.

चाळिसाव्या वर्षी तो परत आला. आई कधीच गेली होती. तिच्या कबरीवर करवंदीची जाळी वाढली होती. बापाचं विचारलं तर लोक म्हणाले, वस्तीला राहिला. गावाने त्याला डोक्यावर घेतलं, मशिदीशेजारी घर दिलं, काझी केलं, आणि शुऐब फकी म्हणू लागलं. फकी म्हणजे कायदा जाणणारा. आपल्यात फकी आडनाव अजून आहे, ते लोक आपण त्याच्याच वंशातले सांगतात. त्याने लग्न केलं नव्हतं, तेव्हा काय ते तुम्हीच ठरवा.

आता गंमत ऐका, तेवढीच आहे. फकीबाबाकडे बोली होती ती नऊ वर्षांच्या पोराची. चाळीस वर्षांचा पांढऱ्या दाढीकडे झुकलेला माणूस भर निवाड्यात म्हणे, "हा खोटारडा आहे, याच्याशी सगळ्यांनी कट्टी." बाया पडद्याआड पदर तोंडात घालून हसायच्या. पुढे त्याने सावकाश पुस्तकी भाषा कमावली, पण घरची बोली वाढायची ती वयात वाढते. नऊ वर्षांच्या पोराला भात, मासे, माड, पाऊस ठाऊक असतो. पोरांसमोर जे बोलत नाहीत ते त्याला कुठून ठाऊक असणार?

त्याचे निवाडे मात्र नावाजले गेले. दोन भाऊ बांधावरच्या माडासाठी भांडत आले. फकीबाबाने माडालाच विचारलं, तू कोणाचा? माडाने धाकट्याच्या पायाशी नारळ टाकला, असं म्हणतात. मला विचाराल तर वारा असेल. पण तो आल्यावर तीन वर्षं खोलवडीचं एकही माणूस दर्याने नेलं नाही, हे मात्र सगळे सांगतात. फकीबाबाच्या पायगुणाने दर्या शांत झाला, त्याला इथलं दिसतं, तिथलंही दिसतं, असं लोक बोलू लागले. आणि माणूस एकदा असं बोलू लागला की डोळे मिटून घेतो.

चौथ्या वर्षी आश्विनात दाऊद तांडेलाचं गलबत फुटलं.

दाऊदची बायको सफूरा. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वय असेल वीस-एकवीस. गाणारी होती, मेंदीच्या दिवशी आधी तिला बोलावणं यायचं. गलबतावर तिघेच होते, त्यातले दोघे वाचले, लुकमान आणि याकूब. फळीला धरून तीन दिवसांनी किनाऱ्याला लागले. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. डोलकाठी मोडून दाऊदच्या डोक्यावर आली, आणि लाटेने त्याला खाली ओढलं.

पूर्वीची रीत अशी की बुडीताची बातमी मशिदीत बांग देणारा म्हातारा घरी न्यायचा. बोलायचा नाही. दारात उभा राहून डोक्याचा रुमाल काढायचा. बाई समजायची आणि गाव रडायला धावायचं. पण आता एवढा मोठा काझी गावात असताना बांगीने का जावं? लोकांनी लुकमान आणि याकूबला फकीबाबाकडे पाठवलं.

फकीबाबाने कलम घेतली आणि विचारलं, "दाऊदचं काय झालं?"

लुकमान खाली मान घालून म्हणाला, "फकीबाबा, दाऊद वस्तीला राहिला."

"तुम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलं?"

"डोळ्यांनी बगितला."

"कुठे?"

"थंय, खडकाच्या पलीकडं."

फकीबाबाने अरबीत लिहून घेतलं, की दोन भरवशाच्या साक्षीदारांनी दाऊदला गलबत फुटल्यानंतर खडकापलीकडच्या किनाऱ्यावर राहिलेला पाहिला. दोघांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी अंगठे उठवले. मग तो उठून सफूराच्या दारी गेला. ती चौकटीला धरून उभी होती, गाव आधीच अंगणात जमलं होतं. सगळे रडायच्या तयारीत, आणि फकीबाबा हसून म्हणाला, "बाई, तुमचा पती जिवंत आहे. रडू नका. वाट पाहा."

सफूरा खाली बसली. लुकमानने याकूबकडे पाहिलं. याकूब पुटपुटला, "आपल्या डोल्यांसमोर तो..." लुकमानने त्याला कोपराने ढोसलं. "गप रव. इल्मापुढं आपलं डोलं काय? बाबाला दिसला असंल."

झालं! फकीबाबाला वाटलं साक्षीदारांनी सांगितलं दाऊद जिवंत आहे. साक्षीदारांना वाटलं फकीबाबाने सांगितलं दाऊद जिवंत आहे. त्यांनी ते फकीबाबाकडून घेतलं, फकीबाबाने त्यांच्याकडून घेतलं, आणि मध्ये दाऊद समुद्राच्या तळाशी होता. एक माणूस पुढे होऊन विचारता तर! पण तो शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती, आणि काझीला प्रश्न विचारायची हिंमत नव्हती. या गावाचा मला आजही राग येतो, आणि मी इथलीच आहे.

सफूरा वाट पाहू लागली. रोज दोन ताटं वाढायची. एक स्वतः जेवायची, दुसरं संध्याकाळी कोंबड्यांना घालायची. वेणी घालायची, काजळ घालायची, जिवंत नवऱ्याच्या बायकोने घालावं तसं. बांगड्या वाढवल्या नाहीत. घर शाकारलं, दाऊदचे कपडे दर पावसाळ्यानंतर उन्हात टाकले. फकीबाबाही हात बांधून बसला नाही. बंदरोबंदरी चिठ्ठ्या पाठवायचा, दाऊद तांडेल कुठे असेल तर घरी पाठवा, बायको थांबली आहे. चिठ्ठ्या जात, उत्तर येत नसे. तरी त्याने आशा सोडली नाही, कारण तो स्वतः तशीच वाट पाहत मोठा झाला होता.

असं म्हणतात की सफूराने वाट पाहिली त्या खडकावर तिच्या पावलांचे दोन खळगे पडले. आता खाणवाल्यांनी तो खडक फोडला, म्हणून दाखवता येत नाही.

पाच वर्षं झाली. गावात इद्रिस नावाचा दोर वळणारा होता. बायको बाळंतपणात गेलेली, माणूस मऊ. काथ्या भिजवायला खाडीवर यायचा तेव्हा सफूराला लांबून पाहायचा. एक दिवस त्याने रीतीप्रमाणे बायांकरवी विचारणं पाठवलं. सफूराने तीन दिवस उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी ती मशिदीच्या अंगणात येऊन पडद्यापलीकडे उभी राहिली.

"फकीबाबा, तो येनार नाय. माजा जीव सांगतो. मना मोकली करा."

फकीबाबाने किताबा काढल्या. दोन दिवस तो जेवला नाही. ज्याचा काहीच पत्ता नाही त्याच्या बायकोने चार वर्षं थांबावं, मग चार महिने दहा दिवसांची इद्दत, म्हणजे सुतक, पाळावं, आणि मग ती मोकळी, असं त्याच्या एका उस्तादाचं मत होतं. मार्ग होता. पण दाऊदचा पत्ता होता ना! दोन साक्षी होत्या. जिवंत पाहिलेल्या माणसाच्या बायकोचं दुसरं लग्न लावायचं म्हणजे तिला आयुष्यभर पापात ढकलायचं. सफूराला घरी पाठवून त्याने लुकमान आणि याकूबला पुन्हा बोलावलं, शपथ घातली.

"पूर्वी सांगितलं तेच सांगता?"

"तेच, फकीबाबा. वस्तीला राहिला."

"शब्द बदलायचा नाही?"

"कसा बदलू? आमी बगितला."

याकूबच्या ओठावर आलं होतं, की बाबा, मग तुम्ही त्याला जिवंत कसं म्हणता? पण त्याला वाटलं, काझी आपली परीक्षा पाहतोय. तो गप्प बसला.

फकीबाबा सफूराच्या दारी गेला. सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, मी खूप शोधलं. तुम्ही जिवंत माणसाच्या बायको आहात."

सफूराने फक्त विचारलं, "तुमाला खरा ठाऊक हाय?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

इद्रिस अजून तीन वर्षं थांबला. मग त्याने दोर गाडीत भरले आणि वरच्या बंदराला जाऊन संसार केला. त्याला चार मुलं झाली. सफूराने ते ऐकलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती, आणि निवडत राहिली. त्यानंतर मेंदीला तिला कोणी गायला बोलावलं नाही. नवरा असून नसलेली, धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. कोणत्या रांगेत बसवायची ते बायांना कळेना, म्हणून बोलावणंच थांबलं. बाया बायांशी कशा वागतात ते मी सांगायला नको. तिचे केस पांढरे झाले, मूल व्हायचं वय निघून गेलं. दोन ताटं मात्र रोज वाढली जात होती.

दाऊद गेल्याला अठरा वर्षं झाली.

मधल्या काळात दर्याने खोलवडीचं आणखी कोणी नेलं नव्हतं, त्या वर्षी याकूबचा तरणा मुलगा नेला. याकूब भर दुपारी मशिदीत आला. फकीबाबा आता म्हातारा झाला होता, किताब जवळ धरून वाचत होता. याकूब त्याच्या पायाशी कोसळला. "फकीबाबा, माजा पोर वस्तीला राहिला. जनाज्याची नमाज पडा."

फकीबाबाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "वेडा आहेस? वस्तीला राहिलाय ना? मग रडतोस कशाला? येईल. जिवंत माणसाचा जनाजा कोणी पढतं का?"

याकूबने मान वर केली. अठरा वर्षं त्याने जे गिळलं होतं ते पोराच्या दुःखापुढे राहिलं नाही. "वस्तीला राहिलेला कदी येतो काय?" तो ओरडला. "मेला माजा पोर! बुडून मेला! मेला!"

दर्यावर्दी माणसाने तो शब्द उच्चारला आणि बाहेर ओहोटी लागलेलं पाणी जागच्या जागी उभं राहिलं, असं म्हणतात.

फकीबाबाच्या हातातून किताब पडली. ती उचलायचीही त्याला शुद्ध नव्हती. "वस्तीला राहिला म्हणजे... मेला?"

"दुसरा काय?"

"दाऊद?"

"तो त्याच येली मेला, फकीबाबा. आमी तुमाला सांगितला हुता."

 फकीबाबा अगदी नऊ वर्षांच्या पोराच्या आवाजात म्हणाला, "मग माझा बाबा?"

 फकीबाबाने पन्नास वर्षं बापासाठी मोठं आयुष्य मागितलं होतं. मेलेल्या माणसासाठी मागतात ती माफीची दुवा एकदाही मागितली नव्हती. सगळ्या जगाला दुवा शिकवणाऱ्याने स्वतःच्या बापाला तसंच सोडलं होतं.

तो उठला आणि जोडे न घालता उन्हातून सफूराच्या घरी गेला. ती अंगणात सुकी मासळी उलटत होती. त्याला पाहून तिने डोक्यावर पदर घेतला. इतक्या वर्षांनी काझी आपणहून आला म्हणजे दाऊदची खबर आली, असं तिला वाटलं. तिचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा फकीबाबाला दिसला, हीच त्याची शिक्षा, असं माझी सासू म्हणायची.

"सफूरा, दाऊद मेला."

"कदी?"

"त्याच दिवशी. गलबत फुटलं त्या दिवशी. लोकांनी मला सांगितलं होतं, मला शब्द कळला नाही."

सफूराने हातातली मासळी नीट टोपलीत ठेवली. घरात जाऊन दुसरं ताट घेऊन आली. त्यात सकाळचा भात होता. तिने ते त्याच्यासमोर ठेवलं. "हे अठरा वर्सं कोनाला वाडला मी?"

फकीबाबा मातीत बसला. "मला माफ कर."

"माफी तुमच्या किताबांत असंल तर बगा. माज्याकडं नाय." मग म्हणाली, "लगीन झाला नाय, पोर झाला नाय, ता मी सोसला असता. दुसऱ्या बायांचं पन असा होतं. पन तुमी मना रडाया दिला नाय. माजा घोव मेला आनि मी काजल घालून बसली. आता रडू येत नाय. बगा, येत नाय."

खरंच तिला रडू आलं नाही. तिने बांगड्या वाढवल्या, पांढरं नेसली आणि अठरा वर्षांपूर्वी मेलेल्या नवऱ्यासाठी इद्दतीला बसली. चार महिने दहा दिवस. बाया येऊन गळ्यात पडल्या, ढसढसा रडल्या. आता आल्या मेल्या! ती कोरड्या डोळ्यांनी त्यांच्या पाठी थोपटायची. इद्दत संपली त्या दिवशी दुपारी ती आडवी झाली आणि पुन्हा उठली नाही.

तिला अखेरचं न्हाणं घालणाऱ्या बायांनी सांगितलं की पाणी ओतायच्या आधीच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसलं तरी थांबत नव्हतं. कफन भिजलं. तशीच तिला नेली. भर वैशाखातसुद्धा तिच्या कबरीची माती ओली असते, आणि चाखली तर खारट लागते, असं म्हणतात. हे मात्र मी पाहिलंय. चाखलंय सुद्धा.

गावाने फकीबाबाला जनाज्याची नमाज पढवायला पुढे बोलावलं. तो गेला नाही, सगळ्यांत मागच्या रांगेत उभा राहिला. नंतर त्याने लोकांना सांगितलं, माझा निवाडा करा. पण काझीचा निवाडा करणारा काझी कुठून आणायचा? लोक म्हणाले, बाबा, चूक झाली, अल्लाची मर्जी. त्याने हात जोडून सांगितलं, अल्लाच्या नावावर घालू नका, ही माझी आहे. कोणी ऐकलं नाही. त्यांना त्याची चूक कबूल करायची नव्हती, कारण मग स्वतःच्या गप्प बसण्याचं काय करायचं?

त्यानंतर तो अकरा वर्षं जगला. निवाडा कधी दिला नाही. लांबून लांबून लोक प्रश्न घेऊन येत, तो म्हणायचा, मला ठाऊक नाही. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. सकाळपासून तो धक्क्यावर बसायचा. खलाशी, मासे विकणाऱ्या बाया, शेळ्या राखणारे, कोणीही काही बोललं की विचारायचा, "म्हणजे काय?" लोक आधी हसत, मग वैतागत, आणि शेवटी सांगत. तो लिहून घ्यायचा. साठी उलटलेला माणूस आपल्या आईची भाषा शिकत होता. असं म्हणतात की इथला एकेक शब्द त्याला कळत गेला तसतसा बसऱ्याला शिकलेला एकेक कायदा त्याच्या डोक्यातून पुसला गेला, आणि अखेरीस फक्त नमाजीपुरतं उरलं. त्याने तेच मागितलं होतं म्हणतात. ती वही कुठे आहे, कोणाला माहीत नाही. वाळवी लागली असेल.

मरताना याकूब जवळ होता. फकीबाबाने विचारलं, "याकूब, मला काय होतंय?"

याकूबही म्हातारा झाला होता. सवयीने त्याच्या तोंडी आडवळणाचा शब्द आला होता, तो त्याने परत गिळला. "तुमी मरताव, फकीबाबा."

"हां," फकीबाबा म्हणाला. "हे कळलं." मग तो गेला. त्याला सुख वाटलं असेल असं तुम्हाला सांगावं असं मला फार वाटतं, पण तसं कोणी म्हणत नाही.

त्याच्या नावाचा उरूस नाही. कबरीवर चादर नाही, ऊद नाही, नवस कोणी बोलत नाही. खोलवडीत त्याच्या नावाने एकच गोष्ट चालते. दर्याने माणूस नेला की गावचा काझी अनवाणी त्या घरी जातो. दिवसा, उजेडात जातो. दारात उभा राहतो आणि घरच्या बोलीत, जोरात, बाईला कळेल असं सांगतो, तुझा घोव मेला. वफात झाली म्हणत नाही, अल्लाला प्यारा झाला म्हणत नाही. मग अंगणात पाठ करून बसतो. आतून रडणं ऐकू येईपर्यंत तो उठत नाही, पाणी पीत नाही. कधी घटका लागते, कधी अख्खा दिवस. आजूबाजूच्या गावांचे लोक म्हणतात, खोलवडीचे लोक दगडाच्या काळजाचे, बाईच्या तोंडावर असं सांगतात.

माझ्याही दारात काझी आला होता. मी त्याला शिव्या दिल्या. सरळ सांग म्हणून कोणी सांगितलं तुला, म्हटलं. लोट्यातलं पाणी त्याच्या अंगावर फेकलं. तो भिजलेल्या सदऱ्याने, माझ्याकडे पाठ करून तसाच उन्हात बसून राहिला. मी आत भिंतीला टेकले. दुपार कलल्यावर, अस्राच्या बांगेच्या सुमाराला माझ्या छातीतून काहीतरी फुटलं आणि मी रडायला लागले. ते ऐकल्यावर तो उठला आणि घरी गेला.